‘सब्स्टॅन्शिएट’ करा म्हणजे नेमकं काय करा?

आयकर खात्याची नोटीस, विमा कंपनीचं पत्र, ऑफिसच्या एचआरची मेल, पीएचडीच्या गाइडचा शेरा. या सगळ्यांत एक इंग्रजी क्रियापद हमखास भेटतं: सब्स्टॅन्शिएट. ‘तुमचा दावा सब्स्टॅन्शिएट करा’ असं आलं की बहुतेक जण तोच दावा आणखी ठाम शब्दांत लिहून पाठवतात, नाहीतर घरात सापडेल तो कागद झेरॉक्स करून जोडतात. मग पुन्हा तेच पत्र येतं, आणि माणूस चिडतो: आमच्यावर विश्वास नाही का?

बातम्यांत याच शब्दाचा दुसरा घोळ होतो. इंग्रजी बातमीत ‘अनसब्स्टॅन्शिएटेड’ आरोप असतात, मराठीत ते ‘बिनबुडाचे’ होऊन येतात. सिंहस्थ जवळ आलेल्या नाशिकमध्ये भूसंपादनापासून वाहतुकीच्या मार्गांपर्यंत रोज नवा दावा फोनवर येऊन पडतो. अशा वेळी हा फरक कळणं उपयोगाचं आहे.

शब्द आला कुठून

लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. त्यातून ‘सब्स्तान्शिया’ हा शब्द झाला: जे खाली उभं आहे, ज्याच्यावर बाकीचं टिकून आहे ते. ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणताना वस्तूचं मूळ अस्तित्व सांगायला हा शब्द कामी आला. फ्रेंचच्या वाटेने तो मध्ययुगात इंग्रजीत ‘सब्स्टन्स’ म्हणून पोचला. क्रियापद मात्र बरंच उशिरा, सतराव्या शतकाच्या मध्याला दिसू लागलं आणि तेव्हा त्याचा अर्थ होता ‘अस्तित्व देणं, नुसत्या कल्पनेला प्रत्यक्षात आणणं’. पुराव्याने दाखवून देणं हा आजचा अर्थ त्यानंतर रुळला.

भाषेची आवड असणाऱ्यांसाठी एक गंमत. लॅटिन ‘सब’ आणि संस्कृत ‘उप’ एकाच जुन्या कुळातले. ‘स्तारे’ आणि ‘स्था’ही तसेच. म्हणजे सब्स्टन्स आणि आपला ‘उपस्थित’ यांचा सांगाडा एकच. अर्थांनी मात्र पुढे आपापल्या वाटा धरल्या, त्यामुळे यातून फार काही काढू नये.

काढायचं ते एवढंच की या क्रियापदात ‘खाली काय उभं आहे’ हा प्रश्न आहे. द्राक्षाच्या मांडवाचं पाहा. वेल कितीही जोमदार असली तरी घड भरल्यावर भार खांब आणि तारा पेलतात, आणि ज्या ओळीत भार आहे त्याच ओळीत खांब लागतो. शेजारच्या ओळीतला भक्कम खांब इथे कामाचा नाही. दावा म्हणजे वेल, पुरावा म्हणजे खांब. सब्स्टॅन्शिएट करा म्हणजे खांब दाखवा. वेल किती चांगली आहे हे पुन्हा सांगू नका.

व्हेरिफाय, अटेस्ट, करॉबरेट: हे सगळं एकच नाही का?

नाही, आणि गफलत बहुतेक इथेच होते. ‘व्हेरिफाय’ करतो तो तपासणारा. पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन पत्ता पडताळतात, ते व्हेरिफिकेशन. ‘सब्स्टॅन्शिएट’ करायचं असतं दावा करणाऱ्याने. एकाने पुरावा मांडायचा, दुसऱ्याने तो पडताळायचा.

‘अटेस्ट’ म्हणजे साक्षांकित करणं. राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का असलेली प्रत एवढंच सांगते की ही प्रत मूळ कागदाशी जुळते. मूळ कागदात लिहिलेलं खरं आहे, असं तो शिक्का कुठेच म्हणत नाही. खोट्या भाडेपावतीचीही साक्षांकित प्रत निघू शकते. प्रतिज्ञापत्राचंही तसंच. नोटरीपुढे शपथेवर लिहून दिलं की खोटं बोलण्याची कायदेशीर जोखीम तुमच्यावर येते, पण मजकूर तुमचाच राहतो. पावती, बँकेची नोंद किंवा तिसऱ्याचा दस्त मागितला असताना नुसतं प्रतिज्ञापत्र जोडणं म्हणजे तोच दावा स्टॅम्प पेपरवर पुन्हा सांगणं.

‘करॉबरेट’ म्हणजे पुष्टी देणं. लॅटिन ‘रोबुर’ म्हणजे बळ, त्यावरून हा शब्द आला. आधीच्या पुराव्याला स्वतंत्र ठिकाणाहून बळ मिळालं तर ती पुष्टी. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे कळीचा. एकच फॉरवर्ड शंभर ग्रुपवर आला तर तो शंभर जणांचा दुजोरा होत नाही. उगम एकच असेल तर साक्षीदारही एकच.

आधी दावा मोडून पाहा

येवल्याच्या बाजारात किंवा नाशिकच्या मेन रोडवर दुकानदार सांगतो, ‘ही अस्सल रेशमी, हातमागाची येवला पैठणी, जर चांदीची.’ ऐकायला हे एक वाक्य आहे, पण त्यात चार दावे दडलेत आणि चौघांचा पुरावा वेगवेगळा.

रेशीम खरं आहे का, याला केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने चालणारं ‘सिल्क मार्क’ लेबल. लेबल नसेल तर काठाच्या आतून काढलेला धागा जाळून पाहतात. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. पण सिल्क मार्क रेशमापुरतं बोलतं. यंत्रमागावर विणलेल्या शुद्ध रेशमी साडीलाही ते मिळू शकतं.

हातमागाची आहे का, यासाठी ‘हँडलूम मार्क’, आणि त्याहून जवळचा पुरावा म्हणजे पदर उलटून पाहणं. पैठणीच्या पदरावरचे मोर, मुनिया, वेली वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या फिरवत विणतात आणि जिथे रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवतात. त्यामुळे उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नक्षीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे राहतात.

‘येवला’ हा तिसरा दावा. पैठणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय आहे. ठरावीक प्रदेशात ठरावीक पद्धतीने झालेल्या मालालाच ते नाव लावता यावं यासाठी दिलेलं हे कायद्याचं संरक्षण. पण पैठणीला जीआय आहे म्हणजे समोरच्या साडीला जीआय आहे असं नव्हे. विणकर किंवा विक्रेता ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदलेला आहे का, हे विचारावं लागतं. दुकानातली जीआयची फ्रेम केलेली बातमी हा शेजारच्या ओळीतला खांब.

चौथी जर. तिच्यात चांदी किती हे डोळ्यांना कळत नाही. एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्रावर, धागा न जाळता, धातूंचं प्रमाण मिळतं. बहुतेक फसवणूक याच चौघांच्या सरमिसळीतून होते: एका दाव्याचा खरा पुरावा दाखवून बाकीचे तीन दावे अलगद पुढे रेटले जातात. म्हणून कुणी ‘पुरावा आहे’ म्हटलं की पहिला प्रश्न हवा, नक्की कशाचा?

पुराव्यालाही कुंपण असतं

द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत, जिथे एखाद्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. म्हणजे १०० टन मालात १ ग्रॅम. ती पाळल्याचा पुरावा उभा करायला प्लॉटची नोंदणी, फवारणीची नोंदवही आणि प्रयोगशाळेचा अहवाल अशी साखळी लागते. नमुना बागायतदाराने पिशवीत भरून नेलेला चालत नाही, प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घेतो. कारण उघड आहे: अहवाल कितीही अचूक असला तरी तपासलेले घड त्याच प्लॉटचे होते हे दाखवता आलं नाही, तर तो कागद भलत्याच द्राक्षांबद्दल बोलत असतो.

तरीही २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षं अडकली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलीत सीसीसी, वेलीच्या वाढीचा जोर आवरायला वापरलं जाणारं संजीवक. त्या हंगामात आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. अहवाल खोटे नव्हते. यादीतल्या रसायनांबद्दल ते खरंच बोलत होते, आणि खरेदीदार विचारत होता यादीबाहेरच्या एकाबद्दल.

म्हणून अहवाल हातात आला की निकालाचा रकाना वाचण्याआधी काय तपासलं, कधी तपासलं, कोणत्या पद्धतीने आणि किती बारीक मोजता येतं हे वाचावं. ‘आढळलं नाही’ याचा अर्थ मोजण्याच्या मर्यादेखाली आहे, शून्य आहे असा नाही. पाकिटावर ‘अवशेषमुक्त’ छापणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

‘मी खोटा आहे हे तुम्ही सिद्ध करा’

हा सगळ्यात लाडका आक्षेप. कायद्याचं उत्तर जुनं आणि सरळ आहे: एखाद्या वस्तुस्थितीच्या बळावर जो हक्क मागतो, त्याने ती शाबीत करायची. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०१ होतं; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १०४ आहे. याला सिद्धतेचा भार म्हणतात.

पण कायदा काही ठिकाणी हा भार मुद्दाम उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो, आणि नेमक्या त्याच जागा लोकांना माहीत नसतात. कॉलेज रोडचा फ्लॅट भाड्याने देणाऱ्या मालकाचं घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडं किती, मुदत काय याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. उलट असेल तर ते शाबीत करायचं मालकाने. हजार-दोन हजार वाचवायला करार न नोंदवणारे मालक भाराचा हा उलटा धडा फार महागात शिकतात.

सातबाराचंही तसंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद, उलट शाबीत होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे सुरुवातीचा भार नोंदीला आव्हान देणाऱ्यावर. मात्र यावरून ‘सातबारा माझ्या नावावर, म्हणजे जमीन माझी’ असा निष्कर्ष निघत नाही. ती महसुलाची नोंद आहे. मालकीचा प्रश्न आला की खरेदीखत, वाटपपत्र, मृत्युपत्र असा मूळ दस्त लागतो आणि नोंद कशाच्या आधारे झाली हे पाहायला फेरफार, म्हणजे नोंद बदलल्याचा उतारा, काढावा लागतो. डिजिटल सही असलेला उतारा घेतला तरी त्यातून सही खरी असल्याचं कळतं, मालकी खरी असल्याचं नाही.

आणि ‘नसल्याचा’ पुरावा कसा द्यायचा? त्यासाठीही सोय आहे. जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीतली आहे ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावर, असं साक्ष अधिनियमाचं कलम १०९ सांगतं. कायद्यातलं उदाहरण रेल्वेचं आहे: विनातिकीट प्रवासाचा आरोप असेल तर तिकीट होतं हे प्रवाशाने दाखवायचं. ‘तिकीट नव्हतं’ हे रेल्वेने कसं दाखवणार?

स्क्रीनशॉट आहे ना, मग झालं!

झालं नाही. मोबाइलमधला मजकूर हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख, आणि त्याची प्रिंट किंवा पेनड्राइव्हवरची प्रत कोर्टात दाखवायची तर प्रमाणपत्र जोडावं लागतं. या विषयावरचा महत्त्वाचा निवाडा आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणापर्यंत गेला आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की अशा प्रतींसाठी प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ उपकरणच, उदाहरणार्थ फोन किंवा लॅपटॉप, त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर त्याची गरज नाही. प्रमाणपत्र देणारा दाद देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं.

नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक प्रत देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ती ओळ पार बदलते, म्हणून मधल्या काळात फेरफार झाला का ते कळतं.

घोटाळे होतात ते साध्या कारणांनी. फोन बदलताना जुना विकला जातो. चॅटमधला नको तो भाग पुसला जातो आणि उरलेला भाग संशयास्पद ठरतो. अपघाताचा फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, फोटो कधी आणि कुठे काढला याची आतली माहितीही गळते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्यावी. स्क्रीनशॉटला सगळ्यात कमी वजन. तो घरबसल्या पाच मिनिटांत बनवता येतो हे वकिलांनाही माहीत आहे.

‘अनसब्स्टॅन्शिएटेड’ म्हणजे खोटं?

कायदा तीन अवस्था मानतो, दोन नव्हे. शाबीत, खोटं ठरलेलं, आणि ज्याबद्दल दोन्ही ठरलेलं नाही, ते ‘शाबीत न झालेलं’. अनसब्स्टॅन्शिएटेड दावा या तिसऱ्या खोलीत असतो. उद्या पुरावा आला तर तो पहिल्या खोलीत जाईल, उलट पुरावा आला तर दुसऱ्या.

‘बिनबुडाचा’ किंवा ‘निराधार’ म्हटलं की वाचक तो खोटा धरून मोकळा होतो. इंग्रजीत त्यासाठी ‘बेसलेस’ हा वेगळा शब्द आहे. त्यामुळे बातमीत ‘शाबीत न झालेला’ किंवा ‘पुरावा पुढे न आलेला’ हेच लिहायला हवं. आरोप करणाऱ्यावर आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याच्यावरही अन्याय टळतो. याची दुसरी बाजूही आहे. शाबीत न झालेला दावा खोटा नसतो, तसाच तो ‘अजून कुणी खोडला नाही’ म्हणून खराही होत नाही.

किती पुरावा पुरे, हे दाव्याच्या परिणामावर ठरतं. दिवाणी दाव्यात कुणाचं म्हणणं अधिक संभवनीय ते पाहतात. फौजदारी खटल्यात वाजवी शंकेपलीकडे शाबीत व्हावं लागतं, कारण तिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. त्यामुळे एकाच घटनेत फौजदारीत सुटलेला माणूस दिवाणीत भरपाई देऊ लागू शकतो, आणि त्यात विसंगती नाही.

मग मिसळवाल्यालाही पुरावा मागायचा का?

‘नाशिकची सगळ्यात झणझणीत मिसळ’ या पाटीला कुणी दाखला मागत नाही, मागूही नये. आवडीनिवडीचं मत आणि उघड अतिशयोक्ती यांना सब्स्टॅन्शिएशन लागत नाही. जाहिरातींच्या स्वनियमनासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिताही अशा अतिशयोक्तीला मुभा देते. पण ‘विक्रीत नंबर १’, ‘९९ टक्के जंतू मारतो’, ‘३० दिवसांत केस’ ही मोजता येणारी विधानं आहेत आणि ती करणाऱ्याकडे आकडे हवेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

घर घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे; तो स्कॅन करून मंजूर नकाशे आणि ताबा देण्याची तारीख स्वतः वाचता येते. आणि जाहिरातीतल्या चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरले असतील तर रेरा कायद्याचं कलम १२ भरपाईचा हक्क देतं. त्यासाठी ती जाहिरात, छापील असो वा फोनवरची, तारखेसह जपलेली असायला हवी.

पत्र आलंच, तर उत्तर कसं लिहायचं

नोकरदारांना नेहमी भेटणारं उदाहरण घरभाडे भत्त्याचं. जुन्या करप्रणालीत त्यावर सूट मागितली आणि ती सब्स्टॅन्शिएट करायला सांगितलं, तर दावा मोडायचा: घर भाड्याचं होतं, मी तिथे राहत होतो, इतकं भाडं दिलं, आणि ते घरमालकाला पोचलं. पहिल्यासाठी करार. दुसऱ्यासाठी त्या पत्त्यावरचं वीज किंवा गॅसचं बिल, सोसायटीचं पत्र. तिसऱ्या-चौथ्यासाठी पावत्या आणि बँकेच्या नोंदी. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅनही. रोखीची पावती ५,००० रुपयांच्या वरची असेल तर तिच्यावर १ रुपयाचा महसूल तिकीट हवा. आईवडिलांना भाडं देत असाल तर घर त्यांच्या नावावर असायला हवं, आणि त्यांच्या विवरणपत्रात ते भाडं उत्पन्न म्हणून दिसायला हवं. तिथे ते नसेल तर तुमच्या बारा पावत्यांना तुमच्याच घरातून छेद जातो.

उत्तरात प्रत्येक विधानासमोर जोडपत्राचा क्रमांक टाकावा आणि त्या कागदातली नेमकी ओळ, तारीख, रक्कम खुणेने दाखवावी. चाळीस पानांचं बँक स्टेटमेंट तसंच जोडलं तर तपासणारा ते चाळत बसत नाही. पाचवी पावती हरवली असेल तर तसं लिहून त्या महिन्याची बँकेची नोंद पुढे करावी. मागची तारीख टाकून नवी पावती बनवली आणि ती पकडली गेली, तर उरलेल्या अकरा खऱ्या पावत्याही संशयात जातात. मूळ कागद पाठवू नयेत. प्रती पाठवाव्यात, मूळ मागणीप्रमाणे दाखवायला जवळ ठेवावेत, आणि उत्तर पोर्टलवर टाकलं असेल तर पोचपावती त्याच दिवशी उतरवून घ्यावी.